स्वैपाक येईना, जर्मनी वाकडी

मागच्या रविवारी आमच्या टीममधल्या एका पोराचा मेसेज आला. पुढच्या महिन्यात फ्रँकफर्टला चाललाय. पहिलंच ऑनसाईट, आणि सोबत बायको. "दादा, ही पॅकिंग लिस्ट एकदा बघून दे ना. काही राहिलं असेल तर सांग." खाली एक एक्सेल शीट जोडलेली.

उघडली आणि च्यायला, चक्क ओळखीची निघाली! तेच चार रकाने, तेच पिवळंधमक हेडिंग, 'मेतकूट'चं तेच चुकीचं रोमन स्पेलिंग. २००७ साली पहिल्यांदा जर्मनीला जाताना मीच बनवली होती ती. मधल्या वर्षांत कुणी कुणाला पाठवली, कितीजणांनी भर घातली, देव जाणे. माझ्या वेळी चाळीसेक रांगा होत्या, आता ११८ झाल्यात. कुणीतरी 'मीठ १ किलो' असंही घातलंय. मीठ! ज्या देशात बाड राइखेनहालसारखी गावं मिठावर मोठी झाली, तिथे पुण्याहून मीठ!

आणि सगळ्यात वर, शेरा म्हणून माझंच वाक्य अजून तसंच आहे : "तिथे व्हेज काही मिळत नाही. जमेल तेवढं इथूनच न्यावे."

हे वाक्य मी फ्रँकफर्टला पाऊल ठेवायच्या आधी लिहिलं होतं. विमानात बसायच्या बारा दिवस आधी, कोथरूडमध्ये, चहा पीत. आपण प्रोग्रॅममध्ये असला बग सोडला तर क्लायंट जाब विचारतो. हा बग इतकी वर्षं प्रॉडक्शनमध्ये आहे आणि त्यावर लोक आपली बॅग भरतायत. तेव्हा आज जरा या शीटच्या, म्हणजे पर्यायाने माझ्याच, विरोधात लिहितो.

तर मंडळी, आपण आयटीवाले परदेशी जातो म्हणजे नेमकं काय करतो? हापिस, घर, इंडियन स्टोअर. सोमवार ते शुक्रवार पाकिटातला राजमा गरम करायचा, शनिवारी कुणाच्या तरी घरी गर्दी करायची, रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला "इथे जेवणाचे फार हाल आहेत गं" म्हणून सांगायचं. आई बिचारी डोळ्यांत पाणी आणते. दीड वर्षाने परत येतो तेव्हा आपल्याला त्या देशाबद्दल ठाम मत असतं : "त्यांचं जेवण एकदम बेचव." किती पदार्थ खाल्लेस बाबा? तर हापिसच्या कँटीनमधले फ्राईज आणि विमानतळावरचं चीज सँडविच.

हे मत नाही. नाचता येईना आणि अंगण वाकडं, त्यातली गत आहे. आम्हाला साधा वरणभातसुद्धा धड येत नव्हता, आणि आम्ही अख्ख्या एका देशाला बेचव ठरवत होतो.

माझा नमुना सांगतो. आम्ही तिघेजण एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालकीणबाई, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. मूळच्या श्वाबियातल्या, लग्न होऊन फ्रँकफर्टला आलेल्या. आम्हा पोरांना शेवटपर्यंत 'झी' म्हणायच्या, म्हणजे आपलं अहोजाहो. नोव्हेंबरात त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी म्हटलं, मी मांस-मासे खात नाही. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, लिन्झन करणार आहे, सॉसेज न घालता. लिन्झन म्हणजे मसूर. तरी मी म्हटलं पोट बरं नाही, आणि वर जाऊन पाकिटातला राजमा खाल्ला. दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या कचऱ्याचा पिवळा डबा रस्त्यावर ठेवताना त्यांना सगळ्यात वर ते पाकीट दिसलं. त्यावर राजम्याचा हा एवढा मोठा रंगीत फोटो. बाई इतकंच म्हणाल्या, "असं. म्हणजे कडधान्यं चालतात तुम्हाला."

त्यावर काय बोलणार? जर्मन येत नाही असा चेहरा करून उभा राहिलो.

आता ती श्वाबियन मसूर काय चीज आहे ते ऐका. अख्खा तपकिरी मसूर, त्यात गाजर, सेलरीचा कंद, लीक म्हणजे जाडजूड पातीचा कांदा. तेला-लोण्यावर परतलेल्या पिठाने दाटपणा आणायचा आणि शेवटी व्हिनेगर. आपण आमटीत चिंच-गूळ घालतो, ते व्हिनेगर आणि कधी चिमूटभर साखर घालतात. जोडीला श्पेट्झले म्हणजे अंडं घातलेल्या सैलसर पिठाच्या शेवया, उकळत्या पाण्यात पाडलेल्या. चकोल्यांची आठवण यावी असं हे ताट. आणि याला मोठा इतिहास आहे. श्वेबिशे आल्ब नावाच्या डोंगराळ भागात पूर्वी मसूर पिकायचा. कष्ट फार आणि पीक थोडं म्हणून विसाव्या शतकात लोकांनी तो सोडून दिला आणि तिथलं जुनं वाणच हरवलं. ते २००६ साली कुठे सापडावं? सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बीजसंग्रहात! तिथून आणून, वाढवून, पुन्हा त्याच डोंगरात पेरलं. आपल्या वाट्याच्या आमटीसाठी एवढी यातायात करणारे लोक, आणि मी त्यांच्या दारात उभा राहून पोटाचं कारण सांगत होतो.

बरं, दुसरी गोष्ट. ही सांगायला मला जड जातंय, पण शीटचा खरा हिशेब तिथेच आहे.

आमच्या प्रोजेक्टमधला एकजण दोन स्टेशनं पलीकडे बायकोबरोबर राहायचा. वहिनी एम.एस्सी. झालेल्या, पुण्यात नोकरी सोडून आलेल्या. डिपेंडंट व्हिसा आणि जर्मन भाषा येत नाही, त्यामुळे तिथे नोकरीचं नाव नाही. दर शनिवारी आम्ही पाच-सहा बाप्ये त्यांच्याकडे धडकायचो. पिठलं-भाकरी, भरली वांगी, एकदा तर पुरणपोळी. त्या लहानशा इलेक्ट्रिक शेगडीवर, जिच्यावर तवा तापायलाच दहा मिनिटं लागतात! आम्ही जेवायचो, "वहिनी, अन्नपूर्णा आहात" म्हणायचो आणि मॅच बघायला सोफ्यावर जायचो. ताटं उचलायचं कधी सुचलं नाही. वर्षभर हे चाललं. निरोपाच्या जेवणाला कुणीतरी विचारलं, वहिनी, फ्रँकफर्टमध्ये तुम्हाला सगळ्यात काय आवडलं? त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी काय पाहिलंय? इंडियन स्टोअर, तळघरातलं वॉशिंग मशीन आणि तुमच्या भाकऱ्या."

सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत, हे मला फार नंतर लक्षात आलं.

'घरच्या जेवणाची आठवण' हा शब्दप्रयोग आपण किती हळवा होऊन वापरतो. त्या आठवणीची मजुरी कुणीतरी भरत असतं. पुण्यात आई भरते, परदेशात बायको किंवा मित्राची बायको. जिथे बाई नसेल तिथे पाकीट. आपण 'घरचं' म्हणतो तेव्हा त्यात आपला हात कुठेच नसतो. म्हणून मला 'आपल्या संस्कृतीचं जेवण' वगैरे भाषणं हल्ली सहन होत नाहीत. संस्कृती एवढी प्रिय आहे ना, मग आधी कांदा चिर.

आणि एकदा स्वतः कांदा चिरायला लागलात की एक गंमत होते. बाजारात जावं लागतं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, म्हणजे शनिवारी सकाळी उठून बाजार गाठायचा. फ्रँकफर्टला कोन्स्टाब्लरवाखे चौकात गुरुवारी आणि शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. शिवाय क्लाइनमार्क्टहाले नावाची बंदिस्त मंडई आहे, १९५४ साली बांधलेली. आपल्या महात्मा फुले मंडईच्या मानाने अगदीच शिस्तीतली, पण मंडईच. पहिल्यांदा गेलो तेव्हा समोर काय दिसावं? नवलकोल! हिरवा, जांभळा, ढिगाने. त्याला म्हणतात कोहलराबी, आणि पोरंसोरं त्याच्या कच्च्या फोडी सफरचंदासारख्या कुरतडत असतात. शीटच्या वरती 'व्हेज काही मिळत नाही' लिहिणारा मी, त्या ढिगासमोर उभा.

पण माझी खरी विकेट काढली ती ग्र्युने झोसेने. हिरवी चटणी म्हणा. २००८ च्या वसंतात घरमालकीणबाईंनी (त्या राजम्यानंतरही!) मला पांढऱ्या कागदाची एक सुरळी आणून दिली. आत सात प्रकारचा पाला. फ्रँकफर्टची ही खासियत. सात म्हणजे सातच : बोरेच, केर्बेल, क्रेसे, पार्सली, पिम्पिनेले, झाउअरआम्पफर आणि श्निटलाउख. बारीक चिरून आंबट सायीत किंवा दह्यात कालवायचा आणि उकडलेले बटाटे, उकडलेली अंडी यांच्याबरोबर गारच खायचा. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी याचा मान असतो. शहराच्या ओबरराड भागात या पाल्याची शेतं आहेत, आणि २०१६ पासून या पुडीला युरोपियन युनियनचं भौगोलिक संरक्षण आहे.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला दिसला पाला. आणि देशावरच्या माणसाला पाला दिसला की तो काय करणार? लसणाची फोडणी, डाळीचं पीठ, शेंगदाणे, पातळ भाजी! त्यातला झाउअरआम्पफर आपल्या आंबट चुक्याचा सख्खा चुलतभाऊ. तीच जात, तोच आंबटपणा. भाजी अशी झाली की आम्ही तिघांनी पातेलं पुसून खाल्लं. वाटीभर खाली बाईंना नेऊन दिली. त्यांनी झाकण उघडलं आणि हादरल्याच, "गरम? तुम्ही ती शिजवलीत?" बाकरवडी आमटीत बुडवलेली पाहून आपल्या आजीचा होईल तसा चेहरा. पण खाल्ली. सगळी. मग मला स्वैपाकघरात बोलावून खरी कशी करायची ते दाखवलं आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या टेबलाशी बसलो.

त्या सातांतली क्रेसे म्हणजे काय माहितीये? अळीव. आपण बी खातो, बाळंतिणीला लाडू करून घालतो. ते लोक त्याच बियांना कोंब आणून कोवळा पाला खातात. मी इतकी वर्षं अळिवाचे लाडू खाल्ले, त्याला पाला असतो हे मला फ्रँकफर्टच्या एका आजींनी सांगितलं.

अशा गोष्टी मग संपेचनात. जवस घ्या. आपण चटणी करतो. तिकडे पूर्वेला लाउझिट्स भागात सालासकट उकडलेले बटाटे, क्वार्क आणि वरून जवसाचं तेल हे गरिबाघरचं जेवण. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्का. आपल्या मराठी मंडळींना क्वार्क बरोब्बर माहीत असतो, कारण त्याचं श्रीखंड झकास होतं. जास्त फॅटवाला घ्यावा, कमी फॅटवाल्याचं कोरडं लागतं. पण तोच क्वार्क मीठ, कांदा, जवसाचं तेल घालून बटाट्याबरोबर खाऊन पाहिलेला एक मराठी माणूस मला दाखवा. तूप घ्या. शीटमध्ये दोन किलो तूप आहे. एकतर युरोपियन युनियनमध्ये बाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे पदार्थ न्यायलाच बंदी आहे. आणि दुसरं, तिथे विरजण लावलेल्या सायीचं लोणी २५० ग्रॅमच्या लाद्यांमध्ये कुठल्याही दुकानात मिळतं. ते कढवा आणि वास घ्या, मग बोला. हांडकेझ घ्या, आंबट दुधाचं वासट चीज, वर कच्चा कांदा, व्हिनेगर आणि विलायती जिरं. त्याला म्हणतात 'हांडकेझ, संगीतासह'. संगीत जेवणानंतर काही वेळाने सुरू होतं. असला विनोद करणारे लोक परके कसे वाटतील?

पिठाचंही तेच. 'चपात्या रबर होतात' ही कायमची तक्रार. होणारच, कारण आपण ४०५ नंबरचं पीठ उचलतो. जर्मन पिठाच्या पुडीवर नंबर असतो, १०० ग्रॅम कोरड्या पिठात किती मिलिग्रॅम राख उरते त्याचा. नंबर मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे मैदा. १०५० आणा, त्यात थोडं पूर्ण गव्हाचं मिसळा, नीट पोळ्या होतात. पुडीवर छापलेलं वाचायचं. आख्खं आयुष्य डॉक्युमेंटेशन वाचण्यात घालवणाऱ्या लोकांना हे अवघड का जावं?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण शाकाहारी माणसाचे हाल होतातच. होतात, खोटं नाही बोलणार. हिरव्या घेवड्यात श्पेक म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे निघतात, साध्या दिसणाऱ्या सूपला हाडांचं पाणी असतं, जेलीच्या गोळ्यांत गेलाटीन, काही पदार्थांत श्माल्त्स म्हणजे चरबी, बऱ्याच चीजमध्ये लाब, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण. पण हे शब्द किती झाले? चार. जावाच्या एका एररमध्ये याहून जास्त असतात. आणि स्वतः रांधणाऱ्याला तर हा प्रश्न निम्माच उरतो.

'आपल्या चवीचं नाही' हा दुसरा मुद्दा. आपली चव कुठली हो? एकादशीचं ताट घ्या, आपलं सर्वात सोवळं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथलाच, मिरचीही अमेरिकेची. पोर्तुगीज इथे आले नसते तर आपण उपासाला काय खाल्लं असतं कोण जाणे. कोणे एके काळी कुठल्या तरी बाईने ते परकं बोंडूक हातात घेतलं, चाखलं, हायहुय केलं आणि म्हणाली असेल, बरं लागतंय, ठेचा करून बघू. तिच्याकडे एक्सेल शीट नव्हती हे आपलं नशीब.

आणि हो, उलट्या टोकाचे शहाणेही मला तितकेच डोक्यात जातात. "आम्ही तिकडे काय वाट्टेल ते खायचो" असं सांगत फिरणारे. स्टेक खाल्ला, बीअर ढोसली, फोटो काढले, झाले जर्मन. यांनाही कधी भाजीवालीशी बोलताना किंवा कुणाच्या स्वैपाकघरात बसताना पाहिलं नाही. पाकिटवाल्यासारखेच गिऱ्हाईक, फक्त बिल मोठं.

गोडा मसाला, हिंग, आमसुलं मी आजही नेतो. जन्मात सोडणार नाही. हिंगाला जर्मनमध्ये 'टॉयफेल्सड्रेक' म्हणतात, म्हणजे सैतानाची विष्ठा. कस्टमवाल्याला समजावताना हा शब्द फार कामाला येतो, माणूस डबी न उघडता परत देतो.

त्या घरमालकीणबाई २०१३ साली गेल्या. मी तेव्हा पुण्यात होतो. वहिनी आता इथेच एका कॉलेजात शिकवतात. दोन वर्षांपूर्वी सगळे त्यांच्याकडे जमलो तेव्हा मी मसूर केला होता, व्हिनेगर घालून. त्यांनी वाटीत वाढून घेतला, चाखला आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे तेव्हा यायला हवं होतं तुम्हाला." यावर मी काहीच बोललो नाही. ताटं मात्र घासली.

तर शीट. दोन तास बसून साफ केली. ११८ रांगांच्या २३ केल्या. मीठ उडवलं, तूप उडवलं, चाळीस पाकिटांची चार ठेवली, पहिल्या रात्रीसाठी. वरचा शेरा खोडून बाजाराचे दिवस टाकले आणि ते चार शब्द. एक नवा रकाना घातला, 'कोण करणार', आणि पहिल्या महिन्यापुरतं तरी सगळ्या रांगांत त्या पोराचं नाव भरून पाठवून दिलं.

अर्ध्या तासात उत्तर आलं. "दादा, 'कोण करणार' मध्ये काहीतरी चुकलंय वाटतं, सगळीकडे माझंच नाव आलंय." त्याखाली लगेच दुसरा मेसेज, बहुतेक त्याच्याच फोनवरून बायकोने टाकलेला : "काही चुकलेलं नाहीये. थँक्यू. कुकर तीन लिटरचा पुरेल ना?"

पुरेल.